पालकाची सही

"सही केलीस की नाही, तेवढं सांग," मास्तरांनी कट्ट्यावर टेकायच्या आधीच विचारलं.

नव्हती केली. चार दिवस तो कागद माझ्या शर्टाच्या खिशात फिरत होता. घडी घालून, उलगडून, पुन्हा घालून त्यावर मधोमध पांढरी रेघ उमटली होती आणि ती नेमकी पालकाच्या सहीच्या रकान्यावरून जात होती. पोराला अठरा पूर्ण व्हायला पाच महिने आहेत. सैन्यात भरती व्हायचं म्हणतोय. तोवर त्याच्या एकट्याच्या सहीवर भागत नाही, आईची नाहीतर बापाची लागते. हिने पहिल्याच रात्री सांगून टाकलं, "मी करणार नाही. तुम्ही केलीत तर अडवणारही नाही." त्यामुळे पेन माझ्या हातात.

अण्णाने उठून माझा हात हातात घेतला आणि जोरात हलवला. "अभिनंदन! अरे, छाती फुगायला हवी तुझी. आणि तू हा असा चेहरा करून बसलायस?"

मी हात सोडवून घेतला. अण्णा मनाने चांगला माणूस, बोलला तेही मनापासून. पण चार दिवसांत माझं अभिनंदन करणारे खूप भेटले आणि त्यातल्या एकानेही, तुला रात्री झोप लागते का, असं विचारलं नव्हतं. मला अभिमान नाही असं कोण म्हणतं? पहाटे उठून पळायला जाणारा, पायाचे फोड स्वतःच फोडून पट्टी बांधणारा पोरगा बघितला की आत काहीतरी भरून येतं. पण तेवढ्याने पोटातला गोळा जात नाही. अभिमान वाटतो म्हणून भीती वाटायला नको, हे कोणी ठरवलं? मी अण्णाला हेच म्हणालो, आणि जरा चढ्या आवाजात म्हणालो.

"माझं ऐक," मास्तर म्हणाले. "पाच महिने थांब. अठरा झाला की त्याची सही तो करील. तुझ्या हातून काही झालं असं आयुष्यभर वाटत राहायला नको."

"म्हणजे बापाने अंग काढून घ्यायचं," फौजी म्हणाला. बावीस वर्षं गणवेशात काढलेला माणूस, तावातावाने कधी बोलत नाही. "मास्तर, ओझं कुठे जात नाही हो. ते पोराकडे सरकतं. घरातून 'मी काही सांगितलं नव्हतं' एवढंच ऐकून आलेली पोरं मी पाहिलीत. मैदानावर ती शरीराने असतात, डोकं घरी असतं. आणि दोरावर नाहीतर हत्यार हाताळताना डोकं घरी असलं की चूक होते."

"आणि बापाने सही करून पुढे काही बरंवाईट झालं तर?" मास्तरांनी विचारलं. मग त्यांनी गोष्ट काढली. चाळीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस, गोष्ट काढणारच. पण ही त्यांनी वर्गात सांगतात तशी सांगितली नाही. मध्ये थांबत, माझ्याकडे न बघता सांगितली.

१९१४. जर्मनी. केटे कोल्विट्झ ही चित्रकार आणि शिल्पकार बाई. तिचा धाकटा, पेटर, अठरा वर्षांचा. युद्ध सुरू झालं तसा हट्ट धरून बसला, मला जाऊ द्या. तिथल्या तेव्हाच्या कायद्याने तो अजून सज्ञान नव्हता, बापाची परवानगी लागणार होती. बाप डॉक्टर, तो तयार होईना. पोराने आईकडे बघितलं आणि आईने त्याच्या बाजूने शब्द टाकला. बाप नमला. ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली आणि ऑक्टोबरमध्ये, बेल्जियममध्ये, पेटर मारला गेला.

"ती बाई त्याच्या स्मारकावर सतरा-अठरा वर्षं काम करत होती," मास्तर म्हणाले. "केलेलं मोडलं, पुन्हा सुरुवात केली. आधी पोराची आकृती करणार होती. शेवटी १९३२ मध्ये जे उभं राहिलं त्यात पोरगा नाहीच. आईबाप आहेत फक्त. दोघं गुडघ्यावर. बापाने दोन्ही हात स्वतःभोवती घट्ट आवळलेत, पाठ ताठ. आई पुढे वाकलेली. आणि दोघं वेगवेगळ्या चौथऱ्यांवर, मध्ये अंतर सोडून. एकमेकांना टेकलेलेसुद्धा नाहीत."

कोणीच काही बोललं नाही. मला ही आणि मी दिसलो. चार दिवस आम्ही एका खोलीत झोपतो आणि त्या कागदाबद्दल एक अक्षर बोलत नाही.

"म्हणजे तिने नाही म्हणायला हवं होतं?" मी विचारलं.

मास्तर बराच वेळ गप्प राहिले. "तेच मला ठरवता येत नाही," शेवटी म्हणाले. "तिचा थोरलाही त्याच युद्धात गेला होता. तो परत आला."

अण्णाला हे सगळंच पटलं नव्हतं. "मास्तर, तुम्ही शंभर वर्षांपूर्वीचं सांगून याला घाबरवताय. प्रत्येक बाप असा हिशेब करत बसला तर सैन्यात जायचं कोणी?"

या प्रश्नाला मी एकट्याने उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं. फौजीने दिलं. "हिशेब करून आलेलीच पोरं हवीत, अण्णा. माझ्या शेजारी खंदकात मला असा पोरगा हवा, ज्याला आपण कशावर सही केलीय ते माहीत आहे. कोणाच्या टाळ्या ऐकून आलेला नको." मग तो माझ्याकडे वळला. "पहिली गोष्ट ही बघ, की हे त्याच्या मनातलं आहे की दुसऱ्या कोणाच्या. कधी मित्राच्या मागून जातात. कधी बापाची हौस असते."

मास्तरांनी मान हलवली. "किपलिंग, तो इंग्रज लेखक, त्याचं तेच झालं. पोराची नजर इतकी अधू की नौदलाने नको म्हटलं, लष्करानेही नको म्हटलं. सुटला होता तो. बापाने ओळख काढली, लॉर्ड रॉबर्ट्स या जुन्या सेनापतीकडे शब्द टाकला आणि आयरिश गार्ड्स या ब्रिटिश पलटणीत जागा मिळवून दिली. सप्टेंबर १९१५, फ्रान्समधली लोसची लढाई. तिथे पोरगा गेला. अठरा पूर्ण होऊन दीड महिना झाला नव्हता. आईबाप पुढे वर्षानुवर्षं त्याला शोधत राहिले. त्यांच्या हयातीत देह सापडला नाही."

माझी हौस नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. पण हे त्याच्या मनातलं आहे का? मी म्हणालो, असणार. फौजी म्हणाला, "असणार म्हणजे? विचारलं नाहीस?"

"आता तुला माहिती काय काय आहे ते सांग," मला बोलायला न देता तो पुढे म्हणाला. "किती वर्षांचा करार? मध्येच सोडता येतं का, आणि कुठल्या टप्प्यापर्यंत? कुठली शाखा? ती कागदावर लिहिलेली आहे की कोणी तोंडी सांगितलीय? तोंडी सांगितलेलं धरायचं नाही. प्रशिक्षणात पाय मोडला तर त्याला ठेवतात की घरी पाठवतात, आणि पाठवलं तर उपचार कोण करतं? बाहेर पडल्यावर हातात कुठलं शिक्षण राहतं?"

मला एकाचंही उत्तर येत नव्हतं.

"सगळे गोळीचं विचारतात," फौजी म्हणाला. "मला आजवर कोणी कानांचं विचारलं नाही." त्याने डावा कान माझ्याकडे केला. "यात बारा महिने चोवीस तास शिट्टी वाजते. आता तू बोलतोयस तेव्हाही वाजतेय. रात्री सगळं शांत झालं की मोठी होते. गोळीबाराच्या सरावात आम्ही कापसाचे बोळे घालायचो, तेही आठवलं तर. अमेरिकेत निवृत्त सैनिकांना जी अपंगत्वाची भरपाई मिळते, त्यात सगळ्यात जास्त दावे या कानातल्या आवाजाचेच आहेत. मग गुडघे, कंबर. वजन पाठीवर घेऊन चालणं कोणालाच चुकत नाही, लढाई पाहिली नाही त्यालाही नाही. पोराला सांग, पहिल्या दिवसापासून कान झाक. कोणी हसलं तर हसू दे."

इतक्या वर्षांच्या ओळखीत हे मला माहीत नव्हतं. तो कट्ट्यावर नेहमी डाव्या टोकाला बसतो, उजवा कान आमच्याकडे करून. मला वाटायचं, ती त्याची आवडती जागा आहे.

मास्तरांनी पुन्हा सूर लावला, पण या वेळी माझ्या बाजूने. म्हणाले, २००० साली संयुक्त राष्ट्रांत एक करार झाला, बालहक्क करारालाच जोडून. २००२ पासून लागू आहे. अठराच्या आतल्यांना लढाईत प्रत्यक्ष उतरवायचं नाही, सक्तीने भरती करायचं नाही. स्वतःहून येणाऱ्याला घ्यायचं तर आईबापाची संमती हवी, आणि ती सगळं माहीत असून दिलेली हवी. पोरालाही पुढे काय काय करावं लागेल ते पुरतं सांगितलेलं हवं. "तुझ्या खिशातला कागद त्यासाठी आहे," मास्तर म्हणाले. "तू होय म्हण, नाही म्हण, पण माहीत करून घेऊन म्हण. मघाशी मी थांब म्हणालो ते चुकलं. नुसतं थांबून काय कळणार तुला?"

ताई इतका वेळ एका कडेला बसून ऐकत होत्या. त्यांची मुलगी चार वर्षं सैन्यात आहे. खरं तर विषय निघाल्यापासून मला त्यांच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

"मी सांगू का भाऊ?" त्या म्हणाल्या. "माझ्या मुलीचा पहिला फोन आला तेव्हा प्रशिक्षणाला तीन आठवडे झाले होते. तोवर फोन जवळ ठेवायला मिळत नव्हता. तिचा आवाज आला आणि मला रडू फुटलं. मी रडतेय, ती 'आई, आई' करतेय. तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली आणि फोन ठेवायची वेळ झाली. नंतर सुट्टीवर आली तेव्हा कळलं, त्या फोनसाठी तासभर रांगेत उभी होती. तिला सांगायचं होतं की त्या दिवशी ती दोर चढली. दोन वेळा पडली होती, तिसऱ्यांदा वरच्या घंटेला हात लावला. माझ्या रडण्यात तिचा दोर राहून गेला."

हे सांगताना त्यांनी उजवा हात वर केला होता, घंटेपर्यंत पोहोचल्यासारखा. तो तसाच क्षणभर राहिला.

"मग आता रडत नाही?" अण्णाने हळू आवाजात विचारलं.

"रडते. बहिणीपाशी रडते. मुलीला माझी भीती सांगितली नाही असं नाही. एकदा समोर बसवून सगळी सांगितली, काही राखून ठेवलं नाही. मग रोज थोडी थोडी वाढायची बंद केली. 'जपून हं' हेसुद्धा दर फोनला म्हणत नाही. ती तिथे जपतच असते. मी विचारते, आज काय शिकलीस? आणि सकाळी बातम्या लावायच्या आधी तिचा शेवटचा निरोप किती वाजताचा आहे ते बघते. हे चार वर्षांत सुटलेलं नाही. सुटेल असं मी तुम्हाला सांगणार नाही."

अण्णा नंतर फारसं बोलला नाही. उठताना मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याने विचारलं, "झोप लागत नाही का रे?" मी मान हलवली. त्याचा हात थोडा वेळ तिथेच राहिला.

मला घरी जाताना लाज वाटत होती. चार दिवसांत मी पोराला दोनदा भाषण दिलं होतं. एकदा धोक्यावर, एकदा दुसऱ्या नोकऱ्यांवर. बाकी वेळ अबोला. प्रश्न मात्र एकही विचारला नव्हता. विचारला असता तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि उत्तर चांगलं निघालं असतं तर सही करावी लागली असती. भीती मला त्याच्या मरणाची होती आणि मी ती त्याच्या अकलेवर काढत होतो.

रात्री त्याला समोर बसवलं. कागद खिशातून काढून मध्ये ठेवला. फौजीचे प्रश्न एकेक करून विचारले. काहींची उत्तरं त्याच्याकडे तयार होती, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. कराराची वर्षं, शाखांची नावं, कुठे किती महिने. काही त्याच्या ध्यानीमनी नव्हते. प्रशिक्षणात दुखापत झाली तर पुढे काय, यावर गप्प बसला. कानांचं सांगितलं तेव्हा "काकांना? खरंच?" म्हणाला आणि वहीत लिहून घेतलं. कोणामुळे जावंसं वाटतंय, असं विचारलं. त्याने वेळ घेतला. मग म्हणाला, "बाबा, माझ्यावर कोणी अवलंबून असताना मी कमी पडतो की नाही, हे मला बघायचंय. इथे कोणी अवलंबूनच नसतं माझ्यावर."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. मी म्हटलं, मला भीती वाटते. कशाची, तेही म्हटलं, तो शब्द उच्चारून. घरात तो शब्द तोवर कोणी उच्चारला नव्हता.

तो म्हणाला, "मलापण वाटते." त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी खोटं पकडलं गेलं की व्हायचे तसे, पण हे खोटं नव्हतं.

सही अजून झालेली नाही. दोन प्रश्न राहिलेत, दुखापतीचा आणि शाखा लेखी मिळण्याचा. सोमवारी तो भरती कार्यालयात विचारायला जाणार आहे. "तुम्ही येता का?" असं त्याने वहीत बघतच विचारलं. मी रजा टाकली आहे.

ही इतका वेळ आत होती, दिवा बंद करून. मला वाटलं, झोपली असेल. आतून आवाज आला, "ते कानांचं आधी विचारा."