‘मुलांना घरी शिकवलंत तर तुरुंग’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जूनमध्ये शाळा उघडल्या की सोसायटीच्या, सासरच्या, माहेरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. थोडक्यात असा: शिक्षण हक्क कायद्यामुळे मुलांना शाळेत न घालणं हा गुन्हा आहे, आईबाप तुरुंगात जातात. अशा मुलांना दहावी-बारावी देता येत नाही, डॉक्टर-इंजिनिअर होणं दूरच. ती माणूसघाणी होतात, भाषा-संस्कृतीला मुकतात. आणि हा सगळा खटाटोप कशाला, तर आईला ब्लॉगवर लिहायला विषय हवा! मी मुलांना घरी शिकवते, त्यामुळे मला तो आवर्जून पाठवला जातो.

आधी तुरुंग. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या दहाव्या कलमात, सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलं आहे. कर्तव्य म्हटलंय खरं, पण ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा कुठेच लिहिलेली नाही. दंड आहे तो मान्यता न घेता शाळा चालवणाऱ्याला: एक लाखापर्यंत, आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. म्हणजे आपल्या पोरांना आपल्या स्वयंपाकघरात शिकवणारीने घाबरू नये. पण शेजारपाजारची पंधरा मुलं गोळा करून, फी घेऊन फ्लॅटमध्ये वर्ग भरवणारीने कलम अठरा जरूर वाचावं. आमच्यातले काही उत्साही लोक ‘सरकारने होमस्कूलिंगला परवानगी दिली आहे’ असं सांगतात, तेही खरं नाही. २०१२ मध्ये केंद्राने दिल्ली उच्च न्यायालयात ‘हरकत नाही’ अशा अर्थाचं प्रतिज्ञापत्र दिलं आणि त्याच वर्षी ते मागे घेतलं. गुन्हाही नाही आणि राजमान्यताही नाही, अशा अवस्थेत आम्ही आहोत.

दहावीचा मुद्दा तर साफ चूक. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे शाळेत न जाता परीक्षा देता येणारं केंद्राचं मंडळ, १९८९ पासून आहे; दहावीला वयाची अट चौदा पूर्ण, माध्यमांत मराठीही आहे. पाच विषय घ्यायचे, पाच वर्षांत नऊ संधी. एका वेळी दोनच विषय दिले तरी चालतं. गणिताला घाबरणाऱ्या मुलासाठी याहून मोठी सोय कोणती! आपल्या राज्य मंडळाचा, बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबर फॉर्म तर गावोगावच्या लोकांना माहीत आहे. शेतात, दुकानात, लग्नात शाळा सुटलेल्या कितीतरी जणांनी तो भरून दहावी काढली आहे. तेव्हा कोणी ‘मुलं वाया गेली’ असा मेसेज फिरवला नाही.

डॉक्टरकीबद्दल मात्र मेसेजमध्ये एके काळी तथ्य होतं. २०१८ च्या नीट परीक्षेला मुक्त विद्यालयाच्या मुलांना बसू द्यायचं नाही असा नियम होता. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. नियम गेला, मेसेज राहिला. याच्या उलट बाजूचाही एक लाडका फॉरवर्ड आहे: मुंबईतली एक मुलगी सातवीनंतर शाळा सोडून २०१६ मध्ये थेट अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. गेली, हे खरं. संगणक प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडची तीन पदकं तिच्याकडे होती. पण बारावी नसल्याने आयआयटीचं दार तिला बंदच होतं, हे त्या फॉरवर्डमध्ये नसतं. ऑलिंपियाडचं पदक घरात नसेल तर बारावीचा फॉर्म भरा.

मेसेज ज्याबद्दल चकार शब्द काढत नाही, ती खरी अडचण कागदांची. शाळा सोडल्याचा दाखला हा महाराष्ट्रात नुसता शाळेचा कागद नसतो. जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला त्यावरची नोंद मागतात. वडिलांच्या, आजोबांच्या नोंदी पुरावा म्हणून चालतात. पण ज्या घरात शाळेची पायरी चढणारी पहिलीच पिढी आहे, त्यांनी आजोबांचा दाखला आणायचा कुठून? होमस्कूलिंग आमच्यासारख्या, कागद आणि पगार दोन्ही असलेल्या घरांना परवडतं. ही टीका कुणी केली तर मी ऐकून घेईन. तुरुंगाची भीती घालणाऱ्याचं नाही.

माणूसघाणेपणाचं उत्तर लांबवत नाही. माझी मुलं वाण्याशी, आजोबांच्या मित्रांशी, खालच्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाशी बोलतात. अडचण अकरा ते चारची असते, तेव्हा सगळी बिल्डिंग शाळेत असते. म्हणून संध्याकाळचं मैदान आमच्याकडे गणिताइतकंच सक्तीचं आहे.

भाषेच्या बाबतीत मेसेज चुकून खऱ्याच्या जवळ गेला आहे. होमस्कूलिंगचं तयार साहित्य बहुतेक इंग्रजीत, त्यातली झाडं ओक नि मेपल, ऋतू बर्फाचे. आळस केला तर पोराला हेमंत ऋतू आणि ‘फॉल’ (तिकडचा पानगळीचा ऋतू) यांत दुसराच आधी कळतो. पण उपाय फुकट आहे: बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर उतरवून घेता येतात, आणि १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. आमच्या घरी पाठ्यपुस्तकांपेक्षा ते अंकच जास्त वाचून होतात. सणांचं म्हणाल तर गौरी-गणपतीत आम्हाला सुट्टीचा अर्ज लिहावा लागत नाही.

राहिला ब्लॉग. घरी शिकवणाऱ्या आया लिहितात, कारण दुपारी बारा वाजता अपूर्णांकांवरून रडारड झाली तर विचारायला ना स्टाफरूम असते, ना मुख्याध्यापक. लिहिल्यावर दुसऱ्या गावातली कुणी सांगते, पोळीचे तुकडे करून बघ. मुलाचं रडणं, अंथरूण ओलं करणं, चुकलेली उत्तरपत्रिका फोटोसकट टाकणाऱ्या आयाही आहेत, आणि तिथे मेसेजवाल्यांचा राग मला पटतो. माझा थोरला आता ‘हे लिहू नकोस’ म्हणतो, तेव्हा ते लिहीत नाही. पण शाळेच्या स्नेहसंमेलनाचे, शेजाऱ्यांच्या मुलांसकट काढलेले व्हिडिओ स्टेटसला ठेवणाऱ्यांनी तरी ‘मुलांचं खासगी जगाला का दाखवता’ हा प्रश्न फक्त मला विचारू नये.