मामा, पळायचंय आपल्याला!

पळणं हा एकट्यानं करायचा उद्योग आहे. ज्यानं कुणी 'फॅमिली रन' नावाचा प्रकार काढला, त्याला हे कुणी सांगितलं नसावं. किंवा त्याला फॅमिली नसावी. आमच्या घरातली माणसं एका वेळी फाटकाबाहेर पडली, असं फक्त भूकंपाची अफवा उठली तेव्हा झालं होतं, आणि तेव्हासुद्धा आत्या गॅस बंद करायला परत आत गेल्या होत्या.

नवऱ्याला अलीकडे पळायचं वेड लागलंय. पहाटे उठून गोगाबाबा टेकडी चढून येतो आणि दिवसभर गुडघ्यांविषयी बोलतो. त्याच्या ग्रुपवर निरोप आला: संभाजीनगरच्या बाहेर एका वायनरीच्या मळ्यात ट्रेल रन, पाच किलोमीटर, सहकुटुंब, नाश्त्यासह. 'नाश्त्यासह' वाचून त्यानं घरातल्या सगळ्यांची नावं टाकली आणि मग विचारलं.

अडचण आत्यांची, म्हणजे माझ्या सासूबाईंची होती. त्या माळकरी. त्यांच्यापुढे वायनरी हा शब्द काढायचा कसा? नवऱ्यानं तोड काढली, "द्राक्षाची बाग बघायला जायचंय." ते ऐकून आत्या दशम्यांचं पीठ मळायला लागल्या, आणि इतका वेळ पेपरात डोकं घालून बसलेले मामा उठून टोपी शोधायला लागले. मामा म्हणजे माझे सासरे. त्यांची जालन्याकडं, कडवंचीच्या शेजारच्या शिवारात, द्राक्षबाग होती. बाग म्हटल्यावर ते पळायला नाही, पाहणीला निघाले होते.

साडेसहाला पोचलो. जानेवारीअखेरची थंडी, स्पीकरवर ढणढण गाणी, आणि स्टेजवरची मुलगी सगळ्यांना हातपाय झटकायला लावत होती. आम्हाला छातीवर लावायचे नंबर मिळाले, प्रत्येकी चार पिनांसकट. आत्यांनी दोन पिनांत नंबर पदराला बसवला आणि उरलेल्या दोन बांगडीत अडकवल्या. माझ्याही दोन मागून घेतल्या. "चार कशाला लागत्यात? असू दे, कामी येतील."

शिट्टी झाली. नवरा सुटला. "फिनिशला भेटू!" एवढंच ऐकू आलं. माझी पाचवीतली लेक त्याच्यामागे सुटली, तिनं निदान मागं वळून हात केला. उरलो आम्ही तिघं, आणि आमच्या मागं हिरवा झेंडा घेतलेला एक पोरगा. त्याला स्वीपर म्हणतात. शर्यतीतल्या सगळ्यात शेवटच्या माणसाच्या मागं राहायचं, एवढंच त्याचं काम. त्या दिवशी त्याच्या नशिबात आम्ही होतो.

वाट वेलींच्या दोन ओळींमधून होती. मामा पन्नास पावलं चालले आणि थांबले. रोग दिसतोय का बघायला एक पान उलटं करून चष्म्याशी धरलं.

"भुरी नाही. डावणीबी नाही."

"मामा, पळायचंय आपल्याला."

"तुम्ही पळा ना. मी काय धरून ठेवलंय का?"

पुढं पाण्याचं ठिकाण लागलं. लोक बाटलीतले दोन घोट पीत, उरलेलं डोक्यावर ओतत नाही तर बाटली तशीच फेकून देत. मामांनी खाली वाकून एकेक बाटली उचलली, टोपण काढलं आणि उरलेलं पाणी वेलीच्या बुडाशी ओतलं. ठिबक चालू होतं, तरी ओतलं. त्यांना काय बोलणार? 2012-13 च्या दुष्काळात कडवंचीची बाग शेततळ्यांच्या जिवावर तगली. मामांच्या शेतात तळं नव्हतं. टँकर घातले, टँकरसाठी कर्ज काढलं, आणि उन्हाळ्यात बाग वाळली ती वाळलीच. त्या वर्षानंतर त्यांच्यादेखत घरात कुणी ग्लासात पाणी उष्टं ठेवत नाही. मी आणि तो स्वीपर पोरगाही मग बाटल्या वेचायला लागलो. शर्यतीतले बाकीचे तोवर टेकडीपलीकडं गेले होते.

तिथंच मळ्याचा मॅनेजर मोटरसायकलवर आला आणि मामांना हवा तो माणूस मिळाला. छाटणी कधी धरली, खुंट कोणता, काडीला घड किती ठेवले? मॅनेजर बिचारा गाडी बंद करून उत्तरं देत होता. छाटणी सप्टेंबरअखेर, खुंट डॉगरिज, वर कलम शिराझचं, म्हणजे वाईनच्या द्राक्षाचं. मामांनी एक मणी तोडला, बोटांत फिरवला, तोंडात टाकला आणि बिया तळहातावर काढल्या.

"गोडी चांगलीये. पण मणी केवढुसा हा! जीए दिलं नाही का?"

खायच्या द्राक्षाला मणी फुगावा म्हणून जिबरेलिक ॲसिड देतात. मामांनी उभ्या आयुष्यात किती घड त्या पाण्यात बुचकळले असतील, त्याला गणतीच नाही. मॅनेजर म्हणाला, "नाही काका. वाईनला बारीकच मणी लागतो. रंग, चव सगळं सालीत असतं. मणी फुगला की आत नुसतं पाणी."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी आम्ही जल्मभर पाणीच इकलं म्हणायचं."

मॅनेजरला हसावं की नाही कळेना. त्यानं मामांना गाडीवर मागं बसवलं आणि टाक्या दाखवायला घेऊन गेला.

आता आत्या, मी आणि स्वीपर. टेकडीचा मुरमाड चढ आत्या न थांबता चढल्या. पंढरीची वाट चालणाऱ्या बाईला पाच किलोमीटरचं काय कौतुक? थांबल्या त्या पोराची चौकशी करायला. गाव कोणतं, शिकतोस काय, घरी कोण कोण? टेकडीच्या माथ्यावर निष्पन्न झालं की त्याची मावशी बदनापूरला आमच्या चुलत नणंदेच्या गल्लीत राहते. उतारावर त्याला दशमी आणि लसणाची चटणी मिळाली. बांधावर सराटा माझ्या बुटाच्या जाळीतून आरपार घुसला. मी एका पायावर नाचतेय, आणि आत्यांनी शांतपणे बांगडीतली पिन काढली, मला बांधावर बसवलं, टाच मांडीवर घेतली आणि दोन टोच्यांत काटा बाहेर.

शेवटचं वळण टाक्यांच्या शेडवरून होतं. तिथं एक आंबूस वास दरवळत होता. आत्यांनी नाक वर केलं.

"इथं काय आंबवू राहिलेत गं?"

"रस," मी म्हणाले. खोटं काहीच नव्हतं.

"रस आंबवल्यावर काय होतं, कळतं मला," आत्या म्हणाल्या आणि चालत राहिल्या. "त्यानं घरी सांगितलं तेव्हाच कळलं होतं. पण तेवढंच म्हाताऱ्याला बागेत आणता आलं."

फिनिशला पोचलो तेव्हा जनरेटर बंद करून झाला होता. हवेची ती फुगीर कमान निम्मी बसली होती. स्वीपरनं तिची एक बाजू हातानं वर धरली, आत्या पदर सावरून वाकून आत शिरल्या, पाठोपाठ मी. टाळ्या वाजवायला लेक होती. नवरा कपाळाला हात लावून स्टेजकडं बघत होता.

स्टेजवर मामा होते. मॅनेजरनं त्यांना गेटापाशी सोडलं, ते शेंगदाण्याच्या वासानं पोह्यांच्या टेबलाकडं निघाले आणि वाटेतल्या, पळणाऱ्यांची वेळ नोंदवणाऱ्या त्या टिकटिक करणाऱ्या चटईवरून चालत गेले. साठीपुढच्या गटात पहिले! निवेदिकेनं माईक पुढं केला.

"काका, या वयात एवढा स्टॅमिना! रहस्य काय?"

"मी गाडीवर आलो," मामा म्हणाले.

लोक खो खो हसले. तिला वाटलं काका विनोद करतात, आणि तिनं बक्षिसाची बाटली त्यांच्या हातात ठेवली. मामांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, समोर गळ्यात तुळशीची माळ घालून उभ्या असलेल्या बायकोकडं पाहिलं आणि बाटली परत केली.

"हे नको. खऱ्या पळणाऱ्याला द्या. मला ठिबकच्या नळीचं एखादं जुनं भेंडोळं असलं तर बघा. परसात दोन वेल लावीन म्हणतो."

मॅनेजरनं खरंच भेंडोळं आणून दिलं. सोळा एमएमची नळी, डिकीत काही मावेना. शेवटी ते मागच्या सीटवर, मामा आणि आत्यांच्या मधोमध बसलं. गाडी सुरू करता करता नवऱ्यानं आपली वेळ सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मामा म्हणाले, "पुढच्या आईतवारी मॅनेजर कलमं देतो म्हणालाय. साडेसहाला निघावं लागंल."