दगडाला गावाचं नाव

दिवाळीनंतर काकांनी घरच्या ग्रुपवर एका काळ्या दगडाचा फोटो टाकला. नाशिकजवळ, सिन्नर तालुक्यातल्या पांढुर्लीच्या शेतात नांगरट चालली असताना फाळाला लागलेला, मुठीपेक्षा जरा मोठा, हातात घेतला की जड. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक त्याला चिकटत होतं. हा आकाशातून पडलेला उल्कापाषाण तर नाही ना, या शंकेने अर्ध्या तासात घरात तीन तट पडले. चुलतभाऊ म्हणाला, कुणाला कळवू नका, एकदा दिला की गेलाच, बाहेरच्या देशांत उल्कापाषाण ग्रॅमच्या भावाने विकले जातात. आत्याचं म्हणणं, आकाशातून आलेली वस्तू विकायची नसते, देवघरात ठेवा. काकांना तो तहसीलला नेऊन द्यायचा होता. मग सगळे माझ्याकडे वळले, "तू तिकडे असतेस, तिकडे काय करतात गं?"

तिकडे म्हणजे इंग्लंडात, चेल्टनमला. माझ्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर विंचकम नावाचं छोटं गाव आहे. २८ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री दहाच्या सुमारास एक अग्निगोल आकाश उजळून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या एका घरापुढच्या डांबरी वाटेवर, कुणीतरी शेगडीतला कोळसा उपडा केल्यासारखी काळी भुकटी आणि खडे पडलेले दिसले. घरच्यांनी ते पिशव्यांत भरून ठेवले आणि उल्कांचा अभ्यास करणाऱ्या मंडळींना कळवलं. लॉकडाऊन होतं, तरी संशोधक आले. नंतर मेंढ्यांच्या एका कुरणात १५२ ग्रॅमचा तुकडा सापडला. ब्रिटनमध्ये पडलेला उल्कापाषाण हाती लागण्याची ही १९९१ नंतरची पहिलीच वेळ.

या गोष्टीतला मला सगळ्यात आवडलेला भाग छपरांवरच्या कॅमेऱ्यांचा आहे. रात्रभर आकाशाकडे तोंड करून असलेले हे कॅमेरे बरेचसे हौशी लोकांनी स्वतःच्या पैशाने बसवलेले. त्यांच्या चित्रणावरून अग्निगोलाचा मार्ग मांडता आला, दगड साधारण कुठे पडले असतील ते सांगता आलं आणि ते मूळचे कुठून आले तेही काढता आलं, गुरूच्या बाजूच्या, लघुग्रहांच्या पट्ट्याच्या बाहेरच्या भागातून. हा पाषाण कार्बनयुक्त, सीएम नावाच्या गटातला. त्याच्या खनिजांत वजनाच्या सुमारे ११ टक्के पाणी अडकलेलं होतं आणि त्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण आपल्या समुद्राच्या पाण्याशी जुळणारं निघालं. पृथ्वीवर पाणी कुठून आलं, या प्रश्नाला एका घरापुढच्या काळ्या भुकटीने हात घातला. ती भुकटी आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे आणि विंचकमच्या छोट्याशा संग्रहालयातही तिचा वाटा आहे. मी मुलाला घेऊन गेले तेव्हा तिथे बसलेल्या आजीबाईंनी "आमचा दगड" म्हणून तो दाखवला.

हे "आमचा" मला आपल्याकडे हवं आहे.

आपल्याकडे दगड पडत नाहीत असं मुळीच नाही. ६ जून २०१७ ला जयपूरजवळ मुकुंदपुऱ्याच्या शेतात पडलेला पाषाणही कार्बनयुक्तच, विंचकमच्याच कुळातला. २२ मे २०१२ ला भर दुपारी आपल्या काटोल परिसरात दगडांचा वर्षाव झाला. १७ ऑगस्ट २०२२ ला गुजरातेत बनासकांठ्यात ऑब्राइट या अत्यंत दुर्मीळ जातीचा पाषाण कडुनिंबाची फांदी मोडून खाली आला आणि त्याचा अभ्यास अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत झाला. लोकांना आकाशाचं कौतुक नाही, असंही कुणी म्हणू नये. २०२२ च्या गुढीपाडव्याच्या रात्री रॉकेटचे जळते अवशेष महाराष्ट्रभर दिसले तेव्हा अर्धं राज्य गच्चीवर मोबाइल घेऊन उभं होतं आणि चंद्रपूरच्या लाडबोरी गावात पडलेली धातूची कडी बघायला गाव लोटलं होतं.

भारतात पडलेले उल्कापाषाण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने सांभाळायचे, ही पद्धत मला बरोबर वाटते. चुलतभावाला मी तेच सांगितलं. विक्रीचं काय होतं ते सहारा वाळवंटात बघावं. तिथे सापडलेले दगड हातोहात विकले जातात, नेमके कुठे मिळाले ते कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून त्यांना "नॉर्थवेस्ट आफ्रिका" आणि पुढे एक आकडा एवढंच नाव मिळतं. एरवी उल्कापाषाणाला तो जिथे पडला त्या ठिकाणाचं नाव द्यायची पद्धत आहे. ते नाव आंतरराष्ट्रीय मिटिऑरिटिकल सोसायटीची समिती मान्य करते आणि त्यासाठी दगडाचा ठरावीक भाग, सहसा २० ग्रॅम किंवा पाचवा हिस्सा, यांपैकी जो कमी असेल तो, एखाद्या संस्थेत कायमचा ठेवावा लागतो. बाजारात गेलेल्या दगडाची किंमत येते, पण गाव हरवतं.

पण चुलतभावाची भीतीही खोटी नाही. मी आठवीत असताना नाशिकला आमच्या शेजारच्या आजोबांनी असाच एक दगड एका कार्यालयात नेऊन दिला होता. पावती मिळाली नाही. ते चार-पाच वेळा विचारायला गेले, दर वेळी वेगळा माणूस भेटला आणि शेवटी "असं काही आलेलंच नाही" असं ऐकून परतले. तो उल्कापाषाण होता की साधा धोंडा, हेही त्यांना कुणी सांगितलं नाही. पुढे कुणी काही सापडल्याचं म्हटलं की आजोबा एकच वाक्य बोलायचे, "गपचूप ठेव." एका पावतीअभावी एक माणूस नाही, अख्खी आळी तुटली. दगड सरकारने घ्यावा, पण देणाऱ्याला लेखी पोच द्यावी, तपासाचा निकाल कळवावा, खरा निघाला तर नोंदीत त्याचं नाव घालावं आणि एक काप त्याच तालुक्याच्या शाळेत किंवा संग्रहालयात परत पाठवावा. एवढं झालं तर माझा चुलतभाऊ स्वतः दगड घेऊन जाईल.

नाशिकला तर हे आधी व्हायला हवं, कारण आपल्याकडे दगड ओळखणारे हात आहेत. सिन्नर भागात विहिरी नि खाणी खोदताना निघालेले स्टिलबाइट, अपोफिलाइट या खनिजांचे स्फटिक जगभर जातात. इंग्लंडातल्या खनिजांच्या जत्रेत एका टेबलावर पांढऱ्या, मोरपिसाऱ्यासारख्या स्फटिकाखाली "नाशिक" लिहिलेलं वाचून माझा घसा दाटून आला होता. सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे. काळा कातळ फोडून आतली पोकळी जपून उघडणारी माणसं तिथे आहेत. संशयित दगड दाखवायला महिन्यातून एक दिवस ठरवणं त्या भागात अवघड जाऊ नये.

गरजही आहे, कारण आपला काळा दगड फार फसवतो. दख्खनचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात मॅग्नेटाइट हे लोहाचं खनिज असतं, म्हणून चुंबक त्यालाही ओढतं. बाहेरून झिजून तो काळपट, गुळगुळीत होतो. शिवाय नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतली काळी, जड धातुमळी कुठल्या भरावातून कुठल्या शेतात जाईल सांगता येत नाही.

त्या रविवारी काकांनी व्हिडिओ कॉल लावला. मी सांगितलं तशी बाथरूमच्या उरलेल्या फरशीची मागची खरखरीत बाजू त्यांनी वर धरली आणि दगड तिच्यावर दाबून ओढला. उल्कापाषाण सहसा रेघ उमटवत नाही. इथे करडी रेघ स्पष्ट दिसली. मग काकांनी एक कोपरा कानशीने घासला. आत लोखंडाचे चमकते कण नव्हते, बारीक छिद्रं होती आणि दोन-तीन छिद्रांत पांढरं काहीतरी भरलेलं. ते बघून मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "हा आपलाच आहे."

जरा वेळ दगड हातात फिरवत राहिले. मग विचारलं, "आणि खरा निघाला असता, तर नाव काय पडलं असतं?"

मी म्हटलं, "बहुतेक सिन्नर."

"सिन्नर कशाला?" काका म्हणाले. "पांढुर्लीत सापडला. त्यांना पांढुर्ली लिहायला सांगायचं."