साखर नाही, मध आहे!

"यात साखरेचा एक कण जरी सापडला तरी जन्मभर जिम बंद," असं म्हणत प्रोटीननं, म्हणजे आमच्यातल्या जिमवेड्यानं, घरी केलेल्या ग्रॅनोलाची बरणी कट्ट्यावर ठेवली. ठेवली कसली, आपटली.

"जन्मभर कशाला? तू तसाही दहा तारखेनंतर जात नाहीस," तात्या म्हणाले. बरणीचं झाकण उघडायच्या आत पहिला गुण त्यांच्या खात्यात जमा.

परवा आमच्या ग्रुपवर पाकिटातल्या ग्रॅनोलात, म्हणजे गोड लावून भाजलेल्या ओट्स-बदाम-बियांत, साखर किती यावरून रणकंदन झालं. ताईनं लेबलाचा फोटो टाकला, प्रोटीननं "घरी करून दाखवतो" अशी भीष्मप्रतिज्ञा केली आणि त्या प्रतिज्ञेचं फळ आता आमच्यासमोर होतं. दिसायला झकास हं, नाव ठेवायला जागा नाही. सोनेरी रंग, चकाकी, मोठाली ढेकळं.

ताईनं एक ढेकूळ उचललं, चावलं आणि मग अंगठा-तर्जनी एकमेकांना चिकटवून बघितली.

"मध किती घातलास?"

"थोडासा."

"थोडासा म्हणजे?"

"अर्धा कप. पण ऑरगॅनिक. कच्चा."

"आणखी?"

"खजुराची पेस्ट. शंभरेक ग्रॅम. बास. साखर शून्य!"

"अच्छा. मग मधमाश्या पोळ्यात काय साठवतात असं वाटतं तुला? मीठ?"

अण्णांना ठसका लागला. प्रोटीननं छाती पुढे काढली. वाद हरायला लागला की तो हेच करतो, त्याला वाटतं मुद्दा दंडात असतो. "ताई, मध नॅचरल आहे. शरीर त्याला वेगळं ओळखतं."

"ओळखतं ना. नावानिशी हाक मारतं."

मग ताईनं जे सांगितलं ते मी नीट ऐकलं, कारण ती फेकत नाही. मधाचा साधारण ऐंशी टक्के भाग साखरच असतो, उरलेलं बहुतेक पाणी. एक मोठा चमचा मध म्हणजे २१ ग्रॅम, त्यातली १७ ग्रॅम साखर. अर्धा कप म्हणजे असे आठ चमचे. मधात बाकी जे काही गुण असतील ते त्या १७ ग्रॅमना बाहेर थांबवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली जी मर्यादा सांगितली, त्यात वरून घातलेल्या साखरेच्या रांगेतच मध, सिरप आणि फळांचा रस उभे केलेत. दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी, आणि पाच टक्क्यांच्या आत राहिलात तर आणखी बरं. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे २५ ग्रॅम. सहा छोटे चमचे. चहा-बिस्किटं सगळं धरून.

"पण खजूर तर फळ आहे!" प्रोटीनचा दुसरा हुकमाचा पत्ता.

"अख्खा चावून खा, फळच आहे. त्याची पेस्ट केलीस की ब्रिटनच्या आरोग्य खात्याच्या हिशोबात ती वरून घातलेल्या साखरेतच मोजतात."

"म्हणजे मिक्सरमध्ये गेला की खजूर बिघडला?" तात्या. "संगत वाईट, दुसरं काय."

"पेशी फुटतात तात्या. चावायचं काम मिक्सर करतो, साखर मोकळी होते, आणि अख्खे दोन खाऊन थांबणारा माणूस पेस्ट चार खजुरांची खातो तरी त्याला कळत नाही."

एवढ्यात इंजिनियरनं फोनवर आकडेमोड सुरू केली होती. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला कुणीच काही सांगत नाही, तरी तो करतो. ३०० ग्रॅम ओट्स, १५० ग्रॅम बदाम-अक्रोड-बिया, अर्धा कप खोबरेल तेल, मध, खजूर. ओव्हनमध्ये उडणारं पाणी वजा. निकाल: शंभर ग्रॅममध्ये २८ ग्रॅमच्या आसपास साखर.

"ब्रिटनमध्ये पाकिटांवर रंग लावतात ना," ताई म्हणाली, "तिथे शंभर ग्रॅममध्ये साडेबावीसच्या वर गेलं की लाल. 'कमी साखर' असं छापायचं तर पाच ग्रॅमच्या आत लागतं. तुझी बरणी त्या पाकिटापेक्षा लाल आहे रे."

प्रोटीन गप्प झाला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. हाच माणूस ज्यानं आम्हाला पहाटे पाचला उठवून दोरीच्या उड्या मारायला लावल्या होत्या आणि स्वतः चौथ्या दिवशी 'रिकव्हरी डे' म्हणून झोपून राहिला होता. ज्याच्या हिरव्या रसापायी अण्णांचा मिक्सर जळला. तो विषय निघालाच.

"मिक्सरचे पैसे अजून आलेले नाहीत," अण्णा शांतपणे म्हणाले.

"अण्णा, तो वॉरंटीत होता!"

"मिक्सर वॉरंटीत होता. तू नव्हतास."

दहा मिनिटं मिक्सरवर गेली. ती गाळतो.

परत आलो ते तात्यांच्या इतिहासावरून. तात्यांना कुठल्याही पदार्थात एक खटला दिसतो. इथे भांडण तरी खरंच होतं. १८६३ साली न्यूयॉर्क राज्यात डॅन्सव्हिल नावाच्या गावी डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन या गृहस्थांनी कोंड्यासकटच्या पिठाचे तुकडे भाजून 'ग्रॅनुला' केला. इतका कडक की रात्रभर भिजवल्याशिवाय दात लागत नसे. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या डॉ. जॉन हार्वी केलॉगनी तसाच पदार्थ केला, नावही तेच ठेवलं. जॅक्सन भडकले. मग केलॉगनी एक अक्षर बदलून 'ग्रॅनोला' केलं.

"म्हणजे मूळ ग्रॅनोलात मधबिध काही नाही," तात्या म्हणाले. "आजाऱ्याला शिक्षा म्हणून द्यायचा पदार्थ होता तो. गोड केला तुम्ही लोकांनी, मागच्या शतकात. आणि आता त्यातलं गोड काढायला पुन्हा तुम्हीच बसलात."

"आणि दुसऱ्याची कृती उचलून नाव बदलायची परंपराही जुनी दिसते," ताई म्हणाली. प्रोटीनकडे न बघता. कारण बरणीवरच्या चिठ्ठीवर 'प्रोटीन्स ओरिजिनल' असं लिहिलं होतं, आणि ओट्स-बियांचं ते प्रमाण ताईनंच ग्रुपवर टाकलं होतं. त्यानं फक्त दोन चमचे मधाचा अर्धा कप केला, तेल दुप्पट केलं, खजूर घातला आणि मीठ वगळलं.

"दोन चमच्यांत चिकटतच नाही ना पण! मी करून बघितलं. भुसा झाला. कोंबड्यांना घालायच्या लायकीचा."

हा मुद्दा मात्र खरा होता आणि ताईनंही तो उडवून लावला नाही. साखर ग्रॅनोलात फक्त गोडीसाठी नसते. ती ओट्सवर पातळ थर धरते, थंड झाली की कडक होते, त्यानं ढेकळं धरतात. रंगही बराचसा तीच देते. ती काढली की तिची कामं दुसऱ्या कुणाला तरी वाटून द्यावी लागतात. नुसती काढून टाकली तर भुसाच होणार.

"चिकटवायला अंड्यातलं पांढरं," ताई म्हणाली. "एका अंड्याचं. फेस येईपर्यंत फेटायचं आणि सगळ्यात शेवटी मिसळायचं. मग मिश्रण ट्रेमध्ये उलथन्यानं दाबून बसवायचं आणि ओव्हनमध्ये असताना ढवळायचं नाही. एकदा ट्रे फिरवलास तर चालेल. ढवळलंस की मोडलं."

"मी अंडं खात नाही," इंजिनियर.

"मग जवसाची पूड. एक चमचा पूड, तीन चमचे पाणी, दहा मिनिटं ठेवली की बुळबुळीत होते. ढेकळं लहान होतील, पण होतील."

"ओव्हन किती?"

"दीडशे. पंखा चालू असेल तर वीसनं कमी. अर्ध्या तासानंतर लक्ष ठेव."

"मी एकशे ऐंशीला केलं होतं," इंजिनियर म्हणाला. "रंग येईना म्हणून अजून दहा मिनिटं ठेवलं."

"आणि अक्रोड कडू झाले."

"तुला कसं कळलं?"

"कारण सगळे तेच करतात. साखर कमी असली की रंग उशिरा आणि फिकट येतो, माणूस वाट बघत बसतो आणि तोवर बिया करपतात. रंगावर जाऊ नकोस, वासावर जा. भाजलेल्या बदामाचा वास आला की बाहेर. तेव्हा हाताला मऊच लागेल. ट्रेमध्येच पूर्ण गार होऊ दे, मग कडक होईल. गरम असताना हात लावायचा नाही."

"हे प्रोटीनला सांग," अण्णा म्हणाले. "गरम असतानाच निम्मा ट्रे संपवतो तो, 'टेस्टिंग' म्हणून."

मग एअर फ्रायरची गोष्ट निघाली. ती प्रोटीननं सांगायला नको होती, पण बायकोनं आधीच ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता. एअर फ्रायरचा पंखा जोरदार, ओट्स हलके. आतल्या आत वादळ. काही ओट्स वर तापत्या कॉइलला जाऊन चिकटले आणि धूर निघाला. तात्यांना तो व्हिडिओ पुन्हा बघायचा होता. पुन्हा बघितला. इंजिनियरनं "वर जाळी ठेवायला हवी होती" असा तांत्रिक अभिप्राय दिला. त्या अभिप्रायालाच जास्त हसलो.

गोडीचं काय, हे राहिलंच होतं. ताईचं म्हणणं असं की कमी गोड करायचं तर आधी ते कमी गोड लागणार हे मान्य करावं. साखर काढायची आणि गोडी मात्र तेवढीच हवी, या हट्टातूनच अर्धा कप मध जन्माला येतो. दालचिनी, व्हॅनिला घाला, त्यांच्या वासानं जीभ थोडी फसते. मीठ विसरू नका, अर्धा छोटा चमचा मीठ दोन चमचे मधाला वर उचलतं. बेदाणे ओव्हनमध्ये कधीच नाही, ते फुगतात, करपतात आणि दाताला खडा लागावा तसे लागतात. गार झाल्यावर बरणीतही नको, त्यांच्या ओलाव्यानं ओट्स मऊ पडतात. खाताना वाटीत घाला. ताजं फळ असेल तर आणखी चांगलं.

"आणि कमी मधाचा एक फायदा कुणी सांगत नाही," ती म्हणाली. "मध हवेतलं पाणी ओढतो. तुझी बरणी आठवड्यात दमट होईल. माझी बराच काळ कुरकुरीत राहते."

"आठवडा कुठला," तात्या म्हणाले. बरणी तोवर निम्मी झाली होती आणि त्यात सर्वात मोठा वाटा तात्यांचाच होता. लाल तर लाल.

"पण एवढा खटाटोप कशाला?" त्यांनी तोंड भरलेलं असतानाच विचारलं. "तो स्विस डॉक्टर, बिर्शर-बेनर, त्यानं काय केलं? कच्चे ओट्स भिजवले, सफरचंद किसून घातलं. म्यूसली. ना ओव्हन, ना अंडं."

"बरोबर आहे तात्या. तब्येतच बघायची असेल तर तेच करावं. ग्रॅनोला करायचा तो कुरकुरीत हवा म्हणून. चैन आहे ती. चैन म्हणून कमी साखरेची करा, औषध म्हणून नको."

मला वाटतं संध्याकाळभरात कुणी कामाचं वाक्य बोललं असेल तर ते हेच. पण अण्णा अस्वस्थ झाले, कारण त्यांना डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितल्यापासून ताईच्या कृतीचा ग्रॅनोला ते औषधासारखाच खातात.

"तुझ्या ग्रॅनोलात साखर किती निघते?" त्यांनी विचारलं.

इंजिनियरचा फोन तयारच होता. दोन मोठे चमचे मध, चार चमचे तेल, खजूर नाही, बाकी तेच. शंभर ग्रॅमला आठ-साडेआठ ग्रॅम. म्हणजे ताईचंही 'कमी साखर' असं छापता येणार नाही! प्रोटीन उसळून उठला.

"मी छापतच नाही," ताई म्हणाली. "मी पंचेचाळीस ग्रॅम खाते. त्यात चार ग्रॅमसुद्धा येत नाही. एक छोटा चमचा. आणि अण्णा, खरी गोम साखरेत नाहीच. तेल, बदाम, अक्रोड... शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर कॅलरी आहेत, माझ्याही. पंचेचाळीसला सव्वादोनशे-अडीचशे. म्हणून मोजून घ्यायचं. डोळ्यांनी ओतलं की हमखास दुप्पट पडतं."

"मी मोजूनच घेतो," अण्णा ताठ बसले. "वजनकाट्यावर. पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस. बायको शेजारी उभी असते."

"कुठला काटा?" ताई एकदम सावध.

"इंजिनियरनं दिला."

"मला प्रोटीननं दिला होता," इंजिनियर म्हणाला. "बंद पडला होता, दुरुस्तीला."

ताई प्रोटीनकडे वळली. "पांढरा? कोपऱ्यावर टवका उडालेला?"

प्रोटीन बुटाची नाडी बांधू लागला. त्याच्या बुटाला नाडी नाही.

"तो माझा काटा आहे! गेली दिवाळी येऊन गेली, मी शोधते आहे! म्हणून तुझं सगळं 'थोडासा' आणि 'शंभरेक'! काटा माझा, कृती माझी, आणि बरणीवर ओरिजिनल तू!"

"दुरुस्त झाला मात्र झकास," इंजिनियर वातावरण निवळावं म्हणून म्हणाला. "फक्त शून्य थोडं सरकलंय. वीसेक ग्रॅम कमी दाखवतो. अण्णांना सांगायचं राहिलं."

दोन क्षण कुणीच बोललं नाही. सगळे मनातल्या मनात पंचेचाळीसमध्ये वीस मिळवत होते.

"तरीच!" तात्या म्हणाले. "अण्णा रोज पासष्ट ग्रॅम हाणतात आणि वर सांगतात, भूक कशी छान भागते!"

हसून हसून प्रोटीन कट्ट्यावरून घसरला. ताई हसत होती, पण हात पुढे करून. "माझा काटा. उद्या."

"उद्या नाही," अण्णा बरणीकडे हात नेत म्हणाले. "या महिन्याचं वजन मी त्यावरच करणार आहे."

"स्वयंपाकाच्या काट्यावर?"

"एकेक पाय ठेवीन."