परमेश्वरावर मालकी कुणाची?

नगरच्या काकांनी घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच वाद उकरून काढलाय. मराठी बायबलात ‘परमेश्वर’ कशाला? शब्द आपला, देव त्यांचा! आणि भाषा बदलली की ज्यात देवाचं नावच बदलतं, त्या ग्रंथाचा भरवसा काय धरायचा?

हेच काका मी राहतो त्या मलेशियातल्या क्वालालंपूरच्या बातम्यांवर चिडायचे. मलय बायबलात देवासाठी ‘अल्लाह’ आहे. १६२९ साली मलयमध्ये छापलेल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलाच्या एका भागातही तोच शब्द. मुस्लिमबहुल मलेशियाच्या सरकारने १९८६ मध्ये ख्रिस्ती प्रकाशनांना तो वापरायची मनाई केली. ‘हेरल्ड’ हे कॅथलिक साप्ताहिक २००९च्या अखेरीस हायकोर्टात जिंकलं, पुढच्याच महिन्यात चर्चवर हल्ले झाले, २०१३ मध्ये निकाल फिरला. सारवाक या मलेशियन राज्यातल्या एका ख्रिस्ती बाईच्या, ‘अल्लाह’ शब्द असलेल्या सीडी विमानतळावर जप्त झाल्या होत्या, त्यांचा निकाल मात्र २०२१ मध्ये तिच्या बाजूने लागला. तेव्हा काकांनीच लिहिलं होतं, ‘शब्दावर कसली आलीय मालकी!’

मग इंग्रज पाद्री स्टीफन्सचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, त्यात ‘परमेश्वर’ही आहे आणि ‘वैकुंठ’ही. चारशे वर्षं ज्या मराठी ख्रिस्त्यांच्या तोंडी हा शब्द आहे, त्यांचा तो नाही?

भरवशाचं म्हणाल, तर ज्यूंनी देवाचं मूळ नाव उच्चारणंच सोडलं. ते वाचताना ‘अदोनाय’, म्हणजे ‘माझा प्रभू’, म्हणतात. ग्रंथ बिघडतो तो नावामुळे नाही, नकला करणाऱ्यांच्या हातून, आणि आपलेही बिघडलेच. नाहीतर एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध करत बसायची काय गरज होती? भांडारकर संस्थेने पोथ्यांवर पोथ्या ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी केली. तेव्हा कुणाची गीता खोटी ठरली?

इथे निदान माणसं कोर्टात तरी जातात, आपल्याकडे नुसते फॉरवर्ड. असं मी लिहिल्यावर काकांचं उत्तर आलं, ‘एवढं आहे तर तिकडे बोलून दाखव.’

शुक्रवारी दुपारी ऑफिस ओस पडतं, उरलेले आम्ही मामकमध्ये, म्हणजे इथल्या भारतीय मुसलमानांच्या हॉटेलात, तेह तारिक हा दुधाचा चहा पीत बसतो. सारवाकचा एक ख्रिस्ती सहकारी हा विषय काढतो. मी ‘आपण बाहेरचे’ म्हणून बिल मागवतो. नगरच्या बाबतीत मात्र कुणी मला बाहेरचा म्हटलं की झोंबतं. गणपतीची मूर्ती कुणाकडून आणायची हे मला आता कुणी विचारत नाही, वर्गणीचा आकडा तेवढा कळवतात.

काकांना उत्तर दिलेलं नाही. माझा वर्क पास, म्हणजे इथला नोकरीचा परवाना, नूतनीकरणाला गेलाय.