फॅन किती रंगांचे आहेत ते आधी बघा

असेंबल्ड गेमिंग पीसीचे पार्ट नीट निवडलेत की नाही हे ओळखायला लोक रात्र रात्र जागून बेंचमार्क, म्हणजे वेगाच्या चाचण्या, बघत बसतात. काही गरज नाही. कॅबिनेटसमोर उभं राहायचं आणि काचेतून आत डोकवायचं. फॅन किती, ते किती रंग बदलतात आणि सोबत रिमोट मिळतो का, एवढंच तपासायचं. रिमोट मिळत असेल तर पैसे देऊन मोकळे व्हा. समोर अखंड काच असल्यामुळे त्या फॅनना हवा ओढायला जागाच नाही, असं कोणी म्हणालं तर लक्ष देऊ नका. मे महिन्यात आतलं सगळं तापेल, पण रंगीत तापेल.

प्रोसेसर पारखणं तर त्याहून सोपं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात 'आय'च्या पुढचा आकडा वाचायचा. तीन म्हणजे गरीब, पाच म्हणजे मध्यमवर्गीय, सात म्हणजे विषय संपला. त्याच्याही पुढे चार-पाच आकडे छापलेले असतात, ते वाचू नयेत. दुकानदाराला वाईट वाटतं.

माझ्या ताईने आणि दाजींनी हा नियम तंतोतंत पाळला. भाच्याची बारावी झाली, कबूल केलेला गेमिंग पीसी घरी आला, हळदकुंकू वाहून झालं, नारळ फुटला, पेढे वाटून झाले आणि मग मला फोन. "मामा, बघ ना जरा, पार्ट चांगले आहेत ना?" आधी घ्यायचं आणि मग विचारायचं, हीसुद्धा उत्तम पद्धत आहे. सल्ला मानावा लागण्याचा धोकाच उरत नाही. मी बिल मागितलं. बिल म्हणजे लेटरहेडवर एकच ओळ: 'गेमिंग पीसी आय-सेव्हन, १ नग'. खाली ४२,००० रुपये. जीएसटी क्रमांक नाही, एकाही पार्टचं नाव नाही, सिरियल नंबर तर दूरच.

पीसी चालू करून बघितलं तर आय-सेव्हन ३७७०. हा प्रोसेसर एप्रिल २०१२ मधला. भाचा तेव्हा बालवाडीत डबा सांडत होता. मदरबोर्ड एच-६१ चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप), म्हणजे त्याहूनही जुन्या घराण्यातला, पण खोका कोरा आणि त्यावर आग ओकणारा ड्रॅगन. असे बोर्ड आजही नव्याने बनून बाजारात येतात. जुन्या ऑफिसांतून निघालेले प्रोसेसर त्यांच्यावर बसवले की झाला नवाकोरा आय-सेव्हन. चार कोर, आठ थ्रेड, म्हणजे चार कामगार, एका वेळी आठ कामं हाताळणारे. तेवढेच कोर आणि तेवढेच थ्रेड २०२२ च्या आय-थ्री १२१०० मध्येही आहेत, आणि तो ह्या सातला आरामात मागे टाकतो. पण तीन म्हणजे गरीब ना, मग कसा घेणार?

भाच्याला खेळायचं होतं व्हॅलोरंट, ऑनलाइन गोळीबाराचा गेम. दुकानदाराने विंडोज ११ टाकून दिलेलं. मायक्रोसॉफ्टच्या यादीप्रमाणे विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी लागते, ही तिसरी. पण पळवाट काढून टाकता येतं, त्याने टाकलं. आता विंडोज ११ वर व्हॅलोरंट चालायला टीपीएम २.० (पीसीतली सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (चालू होताना भलतं सॉफ्टवेअर आत येऊ न देणारी सोय) दोन्ही लागतात आणि ह्या बोर्डावर टीपीएम २.० नाही. म्हणजे ज्या एका गेमसाठी हा सगळा घाट घातला, तो गेम सुरूच होत नाही. दुकानात फोन केला. "साहेब, आय-सेव्हन आहे. तुमचं नेट स्लो असेल." पुन्हा समजावून सांगितलं, तर "विंडोज १० टाकून देतो." त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हटल्यावर म्हणे, "चालतं हो सगळं." काय चालतं? बारावीच्या पोराला २०१२ चा प्रोसेसर नवा म्हणून विकलेला चालतो? सेकंडहँड स्कूटर घेताना आपण आरसी बुक मागतो, मॉडेल कुठल्या वर्षाचं ते आधी बघतो, टायर दाबून बघतो. आणि ४२,००० मोजताना एक आकडा ऐकून माना डोलावतो! ताई म्हणते, "पण यूट्यूब किती छान चालतंय." चालणारच की. यूट्यूब तर भाच्याच्या फोनवरही चालत होतं, त्याच्यासाठी ड्रॅगन कशाला हवा होता?

असो. सल्ला द्यायला बसलोय, तर ग्राफिक कार्डाकडे वळू. इथे फक्त जीबी मोजा. भाच्याच्या डब्यातलं कार्ड ४ जीबीचं आहे: जीटी ७३०, २०१४ चं मॉडेल, जुनी डीडीआर-थ्री मेमरी, आणि तिच्याकडे जायला ६४ बिटची अरुंद वाट. त्या वाटेने सेकंदाला जास्तीत जास्त १४.४ जीबी माल जातो-येतो. २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय हेही ४ जीबीचंच, आणि त्याचा आकडा ११२. जवळपास आठपट. पण खोक्यावर दोन्हीकडे ४ लिहिलंय, तेव्हा कार्ड सारखंच. ह्या कार्डाच्या पिढीसाठी एनव्हिडियाने नव्या गेमचे ड्रायव्हर देणं २०२१ मध्येच थांबवलं, ते त्यांचं त्यांना.

रॅम १६ जीबी आहे ना? मग एक स्टिक की दोन (दोन असल्या की वेग जास्त), असल्या चौकशा करू नका.

एसएमपीएस म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा. त्याच्या स्टिकरवरचा सर्वांत मोठा आकडा वाचावा: ५०० वॅट. खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टच्या लाइनपुढे १८ अँपिअर लिहिलेलं आहे. गुणाकार केला तर २१६ वॅट होतात, आणि प्रोसेसर न् ग्राफिक कार्ड ह्या दोघांची भिस्त मुख्यतः त्याच लाइनवर. म्हणून गुणाकार करू नये. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या वस्तूला नावं ठेवणं बरं नव्हे. दुकानदाराने आता तोडगा सुचवलाय की मोठं कार्ड टाका, सगळं सुटेल. ह्या एसएमपीएसला कार्डासाठीची सहा पिनची वायरच नाही, आणि मोठं कार्ड टाकल्याने टीपीएम कुठून उगवणार, हे विचारायचं राहून जाऊ द्या.

मॉनिटरची केबल मदरबोर्डालाच लावा. ग्राफिक कार्डाला काम मिळत नाही, त्यामुळे ते झिजत नाही.

घरात ६०० व्हीएचा जुना यूपीएस असेलच, तोच जोडा. लाइट गेली की पीसीही सोबत जाईल, एकटा राहणार नाही.

आणि शंका आलीच तर शेजारच्या इंजिनीअर दादाला बोलवा. तो नेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोसेसर आणि कार्ड भरून बॉटलनेक, म्हणजे एक पार्ट दुसऱ्याला अडवतो तो, किती टक्के ते दशांशासकट सांगेल. गेम कुठला, सेटिंग काय, मॉनिटर कितीचा, हे तो विचारणार नाही. टक्का मात्र गेमगणिक बदलतो.

बास झालं. आता सरळ बोलतो.

जुना प्रोसेसर विकणं हा गुन्हा नाही. ३७७० वर टॅली चालतं, कॉलेजचे प्रोजेक्ट होतात, स्वस्तात मिळाला तर मीही घेईन. पण जुना म्हणून विका ना! सतरा-अठरा वर्षांचं पोर दुकानात येऊन गेमचं नाव सांगतंय, तुम्हाला पक्कं ठाऊक आहे की ह्या बोर्डावर तो चालणार नाही, आणि तरी तुम्ही त्याच्या हातात लाइटचा रिमोट देता. लाज वाटायला हवी.

आणि घेणाऱ्यांनो, तुम्हीही कमी नाही. मॉडेल नंबर फोनवर टाकून वर्ष बघायला किती वेळ लागतो? खेळणार कुठला गेम आणि कुठल्या मॉनिटरवर, हे ठरल्याशिवाय दुकानात पाय ठेवू नका. व्हॅलोरंटच खेळायचं असेल तर अवाढव्य कार्डाची गरज नाही, प्रोसेसर ताजा हवा आणि रॅमच्या दोन स्टिक हव्यात. मोठे, जड गेम खेळायचे असतील तर बजेटचा मोठा वाटा कार्डात जाऊ द्या आणि काच, फॅन, ड्रॅगन ह्यांतून पैसे वाचवा. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, वेगळा विकत घ्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तुमच्या गावातली गल्ली, दोन-तीन दुकानांतून कोटेशन लेखी घ्या, प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर त्यावर असू द्या, पक्कं बिल घ्या, सिरियल नंबर लिहून घ्या. 'एक नग' लिहिलेल्या कागदावर कुठल्या कंपनीकडे वॉरंटी मागणार आहात?

आणि ते कोटेशन मला दाखवायचं असेल तर पैसे देण्याआधी दाखवा. नारळ फोडून झाल्यावर फोन करू नका.