डावखुरीनं निबंध कशानं लिहावा?

यूपीएससीचा निबंधाचा पेपर म्हणजे तीन तास, दोन निबंध, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्द, आणि मार्क 250. विचार-बिचार न करता नुसतं लिहीत सुटलं तरी मिनिटाला अकरा ते तेरा शब्द पडतात. विषय काय येईल ते कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात सगळ्यांनी मिळून पेन मनावर घेतलंय.

त्यात मी डावखुरी. उजव्यांना हे कळायचंच नाही, त्यांचा हात लिहिलेलं मागे सोडून पुढे जातो, आमचा आत्ताच लिहिलेल्या ओळीवरून पोतेरं फिरवत येतो. जेल पेन पळतं झकास, पण शाई पाण्यातली, वाळायला जे काही दोन-चार सेकंद लागतात नेमका तेवढ्यात माझा तळहात तिथे हजर. क्लासच्या टेस्टला 'लोकतंत्र' करंगळीखाली उलटं छापून घेऊन घरी आले, उत्तरपत्रिकेत त्या जागी नुसतं निळं आभाळ. बरं मीडियम हिंदी, म्हणजे आधी अक्षरं आणि मग परत मागे जाऊन शिरोरेषा, दर शब्दाला पुसायची दोनदा सोय.

आबांचं मत ठरलेलं, शाईचं पेन. का, तर अक्षराला वळण लागतं. अहो आबा, वळण लागायचं वय गेलं आता! आणि निब ही ओढायची वस्तू आहे, ओढली की तिची चीर जराशी फाकते न् शाई उतरते, मी मात्र ती ढकलत नेते, मग ती कागदात रुतते, खर्रर्र आवाज, आणि शाई थेट मागच्या पानावर. हे सगळं करून दाखवल्यावर आबा शांतपणे म्हणाले, "मग उजव्या हातानं लिही की." म्हटलं, हो, प्रीलिम झाल्यावर!

बाबा बॉलपेनवाले. पांढरं रेनॉल्ड्स 045, निळं टोपण, अख्खं बी.कॉम. त्यावर काढलंय म्हणे. मुद्दा बरोबर आहे, तेलाची घट्ट शाई पुसत नाही, पण ती दाबून लिहावी लागते आणि दुसऱ्या निबंधापर्यंत अंगठा संपावर जातो. धाकट्याचा सल्ला, "ताई, टॉपर काय वापरतात ते यूट्यूबवर बघ ना." बघितलं. दर टॉपरचं पेन वेगळं, आणि डावखुरा एकही नाही.

शेवटी खजुरी बाजार. दुकानात ट्रायलला एक पॅड ठेवलेलं असतं, त्यावर श्री, ॐ, गोलगोल स्प्रिंगा, सह्या, आणि एका महाभागानं पानभर एकाच मुलीचं नाव लिहिलेलं (हा पेन घ्यायला आलाच नसणार). आता सही काय, कुठल्याही पेनानं छानच येते, पेनाचे खरे गुण चौथ्या पानावर कळतात. म्हणून मी सरळ काउंटरवर कोपर टेकवून 'संघवाद की चुनौतियाँ' सुरू केलं, प्रस्तावना झाली, राज्यपाल झाले, जीएसटीवर आले तेव्हा दुकानदार म्हणाला, "दीदी, पेपर यहीं देना है क्या? पंखा चला दूँ?" मागे कव्हरपेपर घ्यायला थांबलेले एक काका खांद्यावरून वाचत होते, ते म्हणे, "लिखने दो भिया, पॉइंट अच्छे हैं."

पातळ तेलाच्या शाईचं बॉलपेन निघालं एक, 0.7 चं, कमी दाबावं लागतं आणि हातालाही लागत नाही. पाच घेतले, सगळे काळे. घरी येऊन टेबलावर ठेवले न ठेवले तोच बडोद्याहून आत्याचा फोन, शुभकार्याला काळं कशाला गं? आई लगेच तिच्या बाजूला, बाबा म्हणतात प्रीलिमच्या ओएमआरला, म्हणजे त्या गोळे रंगवायच्या उत्तरपत्रिकेला, काळंच चालतं, आबांनी तेवढ्यात दौत बाहेर काढलीये, आणि संघवाद अजून जीएसटीवरच अडकलाय, कारण ते पॅड दुकानात राहिलं.